चौदा दगडांची हिराबाई

हिराबाई हरडला लिहिता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं, आणि तिने जन्मात कधी गाडीचं स्टेअरिंग हातात धरलं नव्हतं. तरीही टोकावड्याच्या नाक्यावर तिने नाव पुकारल्याशिवाय एकही जीप हलत नव्हती. चौदा जीपा, चौदा डायवर, एकेकाचा गळा असा की पलीकडच्या टेकाडावरची गुरं दचकावीत. पण हिराबाईने शेंगांच्या टोपलीमागून नुसतं "थांब रे" म्हटलं की गिअरवर गेलेला हात मागे यायचा.

हे काही पहिल्यापासून असं नव्हतं. नव्वदच्या सुमाराला आमच्या तालुक्यात जीपा धावायला लागल्या. रेल्वे नाही, एस.टी. येते तेव्हा येते, मुरबाड गाठल्याशिवाय कल्याण नाही आणि कल्याणशिवाय पोटापाण्याचं काही नाही. मग ज्याच्याकडे चार चाकं त्याने माणसं भरायची आणि सुटायचं. परवाना नव्हता, थांबा नव्हता, रांग नव्हती. होता तो घसा. "ए मुरबाड, मुरबाड, मुरबाऽऽड!" माणूस एस.टी.तून उतरला की दोघे डायवर दोन बाजूंनी त्याला धरायचे. पिशवी एका जीपमध्ये, माणूस दुसरीत. एकदा तर वैशाखऱ्याचा नवा जावई एका जीपमध्ये कोंबला गेला आणि त्याची नवरी दुसरीत. दोघं अर्ध्या तासाच्या अंतराने मुरबाडला पोचली, आणि नवरी तिथून जी माहेरी परत आली ती पंधरा दिवस नांदायला गेलीच नाही. म्हणे, "ज्याला आपली बायको कुठल्या गाडीत हाय ते कळत नाय, त्याच्या घरी मी कशाला जाऊ?"

हिराबाई तेव्हा नाक्यावरच्या करंजाखाली बसायची. थंडीत भाजलेल्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक मोरोशीला दिली होती, आणि घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा नाक्यावर माणसांशी बोललेलं बरं, असं तिचं सरळ गणित. चौऱ्याण्णव सालच्या पौषात एका सकाळी साईनाथ आणि धाऊ एकाच गिऱ्हाइकावरून भिडले. साईनाथ वैशाखऱ्याचा, वयाने मोठा, सगळ्या डायवरांचा पुढारी. धाऊ इथलाच, पंचविशीचा, तापट, जीपला आरसे लावून स्वतःलाच बघत बसणारा. ढकलाढकलीत धाऊची पाठ हिराबाईच्या टोपलीवर आली. शेंगा रस्त्यावर, चूल पालथी, विस्तव पायाशी.

हिराबाई उठली. पालथ्या चुलीतला एक दगड उचलला. सगळ्यांना वाटलं, आता हा धाऊच्या डोक्यात जाणार. धाऊलाही वाटलं, त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. पण तिने तो दगड करंजाच्या बुंध्याशी आपटून ठेवला.

"हा साईनाथचा!" दुसरा उचलला. "हा तुझा, मेल्या! साईनाथ आधी आलेला, तो आधी जाईल. तो गेला की त्याचा दगड मागं, तुझा पुढं. परत माझ्या शेंगांवर बसलास ना, तर तुलाच भाजीन!"

नाका हसला. साईनाथ हसला. धाऊ नाही हसला, पण थांबला. आणि दुपारपर्यंत तिसऱ्या डायवराने येऊन विचारलं, "मावशे, माझा दगड कुठला गो?"

झालं. त्या दिवसापासून रांग लागली. पुढे चुलीचे दगड पुरेनात, म्हणून प्रत्येकाने आपापल्या गावच्या ओढ्यातून एक दगड आणला. साईनाथचा काळू नदीतला, लाडवासारखा गोल, मधोमध बोटभर खळगी. मोरोशीच्या वरच्या वाडीतल्या नवशाचा भाकरीसारखा चपटा. म्हाताऱ्या बुधूचा वाकडा, त्याच्या जीपसारखाच. धाऊच्या दगडाला पुढे एक टोक होतं. सगळे त्याला "धाऊचं नाक" म्हणायचे. जीप सुटली की हिराबाई तिचा दगड उचलून रांगेच्या शेवटी ठेवायची, बाकीचे पुढे सरकवायची आणि नाव पुकारायची. त्याबदल्यात तिला काय? तिची टोपली कुठल्याही जीपच्या टपावरून फुकट जायची, आणि चौदा दांडगे बाप्ये तिला "मावशे, मावशे" करत मागे फिरायचे. तिला तेवढं पुष्कळ होतं.

पाच वर्षं गेली.

नव्व्याण्णवच्या माघात साईनाथ मुरबाडहून आला तो जीप नीट उभी न करताच खाली उडी मारून आला.

"मावशे! परमिट देतायत! काळी-पिवळी! आपल्याला! आता लपून-छपून नाय, चेकिंग आलं म्हणून रानात गाडी घुसवायची नाय. कागूद हातात घेऊन राजासारखं जायचं!"

"मग घे की," हिराबाई म्हणाली. "कुणी धरलंय तुला?"

"तसं नाय गो. आधी थांबा मंजूर झाला पायजे. ठाण्यावरून साहेब येणार, थांबा बघणार, रांग बघणार. रांग असली तर सही. मारामारी दिसली तर फाईल परत. पलीकडच्या एका नाक्याची गेली की परत. त्यांच्या गाड्या आता दारात उभ्या, वर कोंबड्या बसतात."

चौदा जणांनी एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापली जीप आणि तिच्या टपावर कोंबडी.

थांब्याची जागा ग्रामपंचायतीची, म्हणून ग्रामसभा बसली. ग्रामसेवक कमळाकर कागद वाचायला उभा राहिला. तो मनाने चांगला, पण कागद हातात आला की आवाज बदलणारा. "अट पहिली, थांब्यास जागा. अट दुसरी, भाड्याचा फलक. अट तिसरी, एका गाडीत प्रवासी नऊ, त्याहून अधिक नाही."

"नऊ?" मागून कुणीतरी ओरडलं. "आरं, धाऊच्या जीपमध्ये नऊ तर टपावर असतात!"

हशा पिकला. धाऊने कॉलर वर केली.

"अट चौथी, गाड्या रांगेने सोडण्यास जबाबदार व्यक्ती नेमावी. आता बघा, जबाबदार म्हणजे दहावी तरी झालेला..."

"हिराबाई!" साईनाथ म्हणाला.

कमळाकर अडखळला. "अरे, पण तिला वही ठेवता येत नाय. साहेबांना काय दाखवणार?"

तेव्हा ताराबाई उठली. ताराबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात आगाऊ बाई. लग्नातली हळद असो की बाळंतीण, तिच्या शब्दाशिवाय काही होत नसे. "कमळाकर, तुला वहीत बघून आठवतंय. तिला वहीबिगर आठवतंय. मग शिकलेलं कोण रे जास्त?"

सभेने हात वर केले ते खाली येईनात. ठरावात नाव लागलं: श्रीमती हिराबाई हरड. तिने अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती शाई धुतली नाही. भाकरी डाव्या हाताने थापली.

साहेब येणार बाजाराच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी हिराबाईच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! तिने करंजाखालची जमीन सारवली. रस्त्यावरचं शेण, बिडीची थोटकं, केळ्यांच्या साली, सगळं झाडून नेलं. मग कंबरेवर हात ठेवून दगडांकडे बघत उभी राहिली. काळे, करडे, मातकट, कुणाला शेवाळ, कुणावर कावळ्याची शिट.

"हे बरं नाय दिसत," ती म्हणाली. "सरकारी दिसाया पायजे. एकसारखं."

धाऊकडे जीपच्या तळाला मारून उरलेल्या लाल रंगाचा डबा होता. हिराबाईने स्वतः चिंधी बुडवली, एकेक दगड सगळ्या अंगाने लाल केला आणि दुसऱ्या दिवसाच्या क्रमाने रांगेत मांडला. चौदाच्या चौदा लालभडक. मावळतीच्या उन्हात असे झळकले की बुधूने डोळ्यांवर हात धरला. "वा गो मावशे! कलेक्टरच्या हापिसातसुद्धा असलं नसंल!"

हिराबाई त्या आनंदात घरी गेली आणि सकाळी लेकीने दिलेलं नवं लुगडं नेसण्यात तिला थोडा उशीर झाला.

इथेच घात झाला!

बाजाराच्या बाया उजाडायच्या आत वाड्यांवरून उतरतात. डोक्यावर भाजीचे भारे, काखेत कोंबड्या. त्यांनी काय बघितलं? काल जिथे साधे दगड होते तिथे, सारवलेल्या जमिनीवर, झाडाखाली, ओळीने चौदा लाल दगड! पहिली बाई थबकली. दुसरीने भारा उतरवला. ताराबाई घरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन धावत आली, आणि बाजारात विकायला चाललेल्या झेंडूच्या पाटीतली फुलं मूठमूठभर दगडांवर पडली. नारळ फुटला. उदबत्त्या लागल्या.

हिराबाई नव्या लुगड्यात नाक्यावर पोचली तेव्हा चौदा डायवर चपला काढून, हात जोडून उभे होते.

"अगो बाया, हे काय केलंत?" ती किंचाळली. "नंबराचे दगड हायत ते!"

"ओढ्याच्या देवी ह्या, साती आसरा," ताराबाई शांतपणे म्हणाली. "नि हे सात त्यांचे भाऊ. मोजून चौदा."

"भाऊ कसले! हा बुधूचा, हा नवशाचा! तो रंग हाय ताराबाय, धाऊच्या जीपचा रंग! मी लावला!"

"असंल रंग. पण हळद लागली ना? नारळ फुटला ना? हळद लागली की देव झाला. तुला हळद लागली तवा कुणी इचारलं का, ही काल कोण होती म्हणून?"

हिराबाईने पदर खोचला. ती वाकून पहिल्या दगडाला हात घालणार, तोच नवशा मध्ये आला. "मावशे, हलवू नको गो! पाया पडतो. माझी बायको पोटुशी हाय."

"अरे, तुझाच दगड हाय हा. पहिला नंबर तुझा!"

"म्हणून तर म्हणतो!"

साईनाथला सांगितलं, तो दोन पावलं मागे सरला. बुधूने नुसते कान धरले. दुसरे दगड आणू म्हटलं तर कुणी ऐकेना. नंबर देवाकडे असताना दुसरा दगड मांडायचा कसा? आणि दगड हलत नाही तर रांग हलत नाही. रांग हलत नाही तर गाडी कुणाची सुटणार? त्यात सगळे दगड लाल, वर फुलांचा ढीग. कुठला कुणाचा, ते हिराबाईशिवाय कुणाला ओळखू येईना.

हे धाऊच्या पहिलं लक्षात आलं. "पहिला माझा हाय," तो म्हणाला. "मी रात्री बघितला होता."

"तुझा? थापाड्या!" नवशा ओरडला.

"मग तुझा हाय का? उचल नि दाखव!"

पाच वर्षांचं झाकण उडालं! "ए मुरबाड, मुरबाड, मुरबाऽऽड!" चौदा घसे एकदम सुटले. एका बाईची कोंबडी एका जीपमध्ये, भारा दुसरीत. कोंबडी ओरडते, बाई ओरडते, हिराबाई दोघींपेक्षा मोठ्याने ओरडते, पण ऐकतो कोण? तेवढ्यात कल्याणहून येणारी सकाळची एस.टी. लागली. एक चष्म्याचा, सावळा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस खाली उतरतो न उतरतो, तोच धाऊने त्याची बॅग ओढली आणि नवशाने दुसऱ्या बाजूने दंड धरला.

"मुरबाड ना? चला, लगेच सुटतो, फास्ट!"

"अरे, मी मुरबाडवरूनच येतोय!"

"मग परत चला!"

पंचायतीच्या वळणावरून कमळाकर हार घेऊन येत होता. त्याने ते बघितलं आणि हारासकट हात कपाळावर मारला. "सोडा रे! सोडा! साहेब हाय तो!"

धाऊने बॅग खाली ठेवली आणि उगाच तिच्यावरची धूळ झटकली. नवशाने साहेबांच्या शर्टाची बाही सरळ केली. साहेबांनी चष्मा नाकावर बसवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बगलेतली फाईल काढली.

"ही तुमची रांग?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. चौदा जीपा, चौदा टप, चौदा कोंबड्या.

हिराबाईचं लक्ष मात्र साहेबांकडे नव्हतं. एक शेळी करंजाखाली आली होती आणि तिने पहिल्या दगडावरच्या झेंडूला तोंड घातलं होतं. ताराबाईने "हाड हाड" करत शेळीला हाकललं, खाली पडलेलं फूल उचललं आणि सवयीने शेजारच्या दगडावर ठेवलं. कुणी काही म्हटलं नाही. कुणाची बायको पोटुशी आहे, तेही कुणाला आठवलं नाही.

हिराबाई एकदम पुढे धावली.

"साहेब, थांबा! लिहू नका! रांग हाय!"

ती दगडांपुढे बसली. आधी नमस्कार केला. मग दगडांवरची सगळी फुलं ओंजळीत गोळा करून टोपलीत टाकली, एकच ठळक पिवळं फूल ठेवलं आणि ते पहिल्या दगडावर मांडलं.

"देव जागचा हलणार नाय," ती म्हणाली. "फूल हलेल. ज्याच्यावर फूल त्याची गाडी. गाडी गेली की फूल पुढं. ताराबाय, देवाचं फूल एका दगडावरनं दुसऱ्यावर ठेवलं तर चालतंय का?"

सगळा नाका ताराबाईकडे बघायला लागला. ताराबाईने घाई केली नाही. असे क्षण तिला आवडत. "फूल काय," ती अखेर म्हणाली, "फूल देवाचंच. इथं ठेवलं काय नि तिथं ठेवलं काय."

"पण बाई," साहेब वाकून म्हणाले, "दगड तर सगळे सारखे. कुठला कुणाचा हे कशावरून?"

हिराबाईने डोळे मिटले. पाया पडायला बोटं लावावीत तशी ती दगडांना बोटं लावत गेली. देवाच्या पायांना हात लावायला कुणाची मनाई? "हा चपटा, मोरोशीच्या ओढ्याचा, नवशा." दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक नावाला एकेक डायवर पुढे येऊन वाकून बघायचा आणि मान हलवायचा. "ही खळगी, साईनाथ." साईनाथने बघितलं, खळगीत कुंकू साठलं होतं. "हा वाकडा, बुधू." बुधू म्हणाला, "माझाच गो, वाकडा मीच!" हसू फुटलं आणि माणसं पुढे सरकली. सात, आठ, नऊ, दहा. अकराव्या दगडावर तिचं बोट थांबलं. "नि हे नाक."

धाऊ वाकला. मग उठून गुपचूप आपल्या जीपकडे गेला आणि ती रांगेत अकराव्या जागी नेऊन उभी केली.

साहेबांनी टोपण पेनाला लावलं. सही नाही केली. पण लिहिलंही नाही. "बघू," म्हणाले. "चालवून दाखवा."

आणि मग जे चाललं! हिराबाई पुकारते, "नवशाऽऽ!" नवशाची जीप पुढे. बाया चढतात. हिराबाई दहा बोटं वर धरते, एक आधीच मुडपते, मग चढेल त्या माणसामागे एकेक मिटते. नऊ! जीप सुटली. फूल दुसऱ्यावर. पुन्हा नाव, पुन्हा बोटं, पुन्हा फूल. ज्यांना रोज सोळाच्या ढिगात मांडी टाकायला मिळत नव्हती ती माणसं ऐसपैस बसून एकमेकांकडे लाजून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "बाय, जीपला खिडकी असते हे मला आजच कळलं." कमळाकरने हार साहेबांना घालायचा विसरून स्वतःच्याच खांद्यावर टाकला होता. साहेब शेंगा सोलत उभे होते. तासाभराने त्यांनी घड्याळ बघितलं. मुरबाडला दुसरं काम होतं, निघायला हवं होतं.

फूल साईनाथच्या दगडावर होतं. त्याची जीप भरलेली, नऊ बसलेले. साईनाथ पुढारी माणूस, त्याला राहवलं नाही. पुढच्या सीटवर एक बाई वालाच्या शेंगांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. "ए बाय, तू जरा उतर गो, मागच्यानं ये. साहेब, या, पुढं बसा."

बाई पाटी सावरत उतरायला लागली.

"बस गो तू," हिराबाई म्हणाली.

"मावशे," साईनाथ दबक्या आवाजात बोलला, "साहेब हायत."

"साहेबच हायत ना? मग त्यांना नऊ म्हंजे किती ते ठावं असंल." तिने दोन्ही हात साहेबांसमोर धरले. दहा बोटं, एक मुडपलेलं. ते बोट काही सरळ होईना. "नऊ झाले, साहेब. तुमी पुढच्या गाडीनं जा. फूल आता बुधूवर येतंय."

बुधूची जीप! जिचं दार सुतळीने बांधलेलं, हॉर्न नाही म्हणून बुधू खिडकीतून स्वतःच भुंकायचा! कमळाकरने डोळे मिटले. साईनाथचा चेहरा पडला. गेली फाईल, गेलं परमिट, आल्या कोंबड्या!

साहेबांनी हिराबाईच्या बोटांकडे बघितलं. मग साईनाथच्या जीपमधली डोकी बोटाने मोजली. एक ते नऊ. पाटीवाल्या बाईला म्हणाले, "बसा तुम्ही." आणि करंजाखाली येऊन हिराबाईच्या टोपलीशेजारी, इस्त्रीच्या पँटसकट, सारवलेल्या जमिनीवर बसले.

"मावशी, अजून थोड्या शेंगा द्या. बुधूची गाडी भरेपर्यंत वेळ आहे."

नाक्यावर जो आरडाओरडा झाला तो म्हणे वैशाखऱ्यापर्यंत ऐकू गेला. बुधूच्या जीपमध्ये साहेब तिसऱ्या नंबरला चढले, म्हणजे अजून सहा जण येईपर्यंत थांबले. जाताना बुधू खिडकीतून भुंकला, आणि साहेब पोट धरून हसले. फाईल त्यांच्या मांडीवर होती. सही त्यांनी धावत्या जीपमध्ये केली, असं बुधू आजही सांगतो. "म्हणून तर ती सही अशी वाकडी हाय. माझ्या गाडीची हाय ती!"

मंजुरीचा कागद शिमग्याच्या आधी आला. मुरबाडच्या रंगाऱ्याकडे काळा आणि पिवळा रंग संपला. चौदा जीपा नव्या नवरीसारख्या नाक्यावर उभ्या राहिल्या. पंचायतीने फलक ठोकला, त्यावर भाडं आणि 'प्रवासी नऊ'. कमळाकरने वाचून दाखवलं तेव्हा हिराबाई म्हणाली, "वाचू नको, मला ठावं हाय." झेंडू संपला होता, म्हणून पंचायतीच्या विहिरीवरचं कण्हेरीचं पिवळं फूल आणलं होतं. ती बाराही महिने फुलते.

पहिली परमिटची खेप कुणाची? पुढारी म्हणून साईनाथची, असं कुणीतरी म्हणालं. पण आदल्या संध्याकाळी फूल जिथे थांबलं होतं तिथेच ते सकाळी राहणार होतं, आणि ते थांबलं होतं नाकावर. धाऊवर! धाऊ पहाटेपासून जीपला हार घालून बसला होता. आठ माणसं चढली. मग कुणी येईना. शिमग्याची सामसूम, एस.टी. रिकामी.

"मावशे, आज आठांवर सोड ना गो! पहिली खेप हाय."

"नववा येऊ दे. सगळ्यांना जो कायदा तोच तुला."

"कधी येणार नववा? मुहूर्त जाईल!"

मागच्या जीपांमधून शिट्ट्या सुटल्या. साईनाथ हॉर्न मारतो, बुधू भुंकतो. "अरे, कुणीतरी बसा रे! मुरबाडला काम काढा कुणीतरी!" हिराबाईची नवांतली आठ बोटं मिटलेली, नववं तेवढं वर. धाऊने स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

ताराबाई दगडांना हळद वाहत होती. तिने करंडा मिटला, लुगडं वर खोचलं आणि जीपच्या दारात जाऊन उभी राहिली. "सरक रे."

"तुमाला कुठं जायचंय, ताराबाय?"

"मला कुठं जायचंय! कुठं नाय जायचं. पण बसते. झाले ना नऊ? परतीच्या गाडीनं येईन. चल, हाक!"

हिराबाईचं शेवटचं बोट मिटलं. धाऊने गिअर टाकला, जीप उसळली, हाराची फुलं रस्त्यावर सांडली आणि काळी-पिवळी गाडी भर उजेडात, हमरस्त्याच्या मधोमध, मुरबाडकडे पळाली. हिराबाईने बोटं पदराला पुसली, नाकावरचं फूल उचलून शेजारच्या दगडावर ठेवलं आणि पुढचं नाव पुकारलं.